कावेरीकाठचा मराठी राजा

अल्लीपूर (जि. वर्धा) - वर्धा नदीच्या पूर्वेकडील या मुलखाने डिसेंबर १८०३ मध्ये एका मराठी राज्याचे तुकडे होताना पाहिले. अडगावच्या लढाईत पराभूत झालेल्या नागपूरकर रघुजी भोसल्यांना १७ डिसेंबर रोजी देवगावचा तह पत्करावा लागला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड त्यांच्या हातून गेला. कालपर्यंत जी केवळ नदी होती, ती राज्याची सीमा झाली. अल्लीपूरचा परिसर नदीच्या अलीकडे असल्याने तो भोसल्यांकडेच राहिला. त्याच वर्षी येथून सरळ दक्षिणेला, हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर, कावेरीच्या खोऱ्यात दुसऱ्या एका भोसले घराण्यातील राजा वेगळ्याच कामात गुंतला होता. राज्यकारभार हातातून जाऊन त्याला चार वर्षे झाली होती. वय अवघे २६. चोळ सम्राट राजराजाने उभारलेल्या तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर तो आपल्या कुळाचा इतिहास कोरवून घेत होता आणि तोही तमिळ, तेलुगू किंवा संस्कृतमध्ये नव्हे, तर मराठीत.

या राजाचे नाव सरफोजी. तंजावरच्या गादीवरील या नावाचे ते दुसरे राजे. मराठी कागदांत ते सरफोजी आहेत, तमिळ आणि संस्कृत रचनांत शरभोजी किंवा शरभेंद्र आणि इंग्रजांच्या दप्तरात आणखी निराळ्या स्पेलिंगचे. एकाच माणसाला तीन भाषांनी तीन नावे दिली आणि ती तिन्ही त्यांनी आयुष्यभर सारख्याच सहजतेने वापरली. महाराष्ट्रातील शालेय इतिहासात त्यांच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. तमिळनाडूत मात्र त्यांचे नाव ग्रंथालय, संगीत, नृत्य, वैद्यक अशा अनेक क्षेत्रांत आजही घेतले जाते.

तंजावरचे मराठी राज्य ही मुळात विजापूरच्या चाकरीची निष्पत्ती होती. शहाजीराजांचे तुकाबाईंपासून झालेले पुत्र व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, आदिलशाहीचे सरदार म्हणून दक्षिणेत गेले आणि १६७५-७६ च्या सुमारास नायकांच्या तंजावरचे धनी झाले. थोरले बंधू शिवाजी महाराज १६७७ मध्ये कर्नाटक मोहिमेवर आले, तेव्हा वडिलार्जित जहागिरीच्या वाटणीवरून दोघांत बेबनाव झाला, हे सर्वज्ञात आहे. त्यानंतर मात्र तंजावरचे भोसले महाराष्ट्राच्या राजकारणापासून हळूहळू दूर गेले. त्यांच्यासोबत आलेले सरदार, कारकून, पुराणिक, कीर्तनकार, शिंपी, रामदासी मठांचे महंत हे सारे तेथेच स्थिरावले. तमिळ प्रजा, तेलुगू भाषेत रमणारा दरबार आणि घरात मराठी, असा तिपेडी संसार सुरू झाला.

या संसाराला फळेही आली. एकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठीत नाटके लिहिली. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ मध्ये सीतास्वयंवराचा प्रयोग केला, त्याच्या जवळपास दीडशे वर्षे आधीची ही गोष्ट. मराठी रंगभूमीचा आरंभ सांगताना तंजावरला तळटीपेत बसवण्याची सवय आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. सांबाराचा जन्मही याच दरबारात संभाजीराजांच्या स्वागतासाठी झाला, अशी एक कथा हॉटेलांच्या मेन्यूकार्डापासून पर्यटन पुस्तिकांपर्यंत सर्वत्र आढळते. कथा चविष्ट आहे. तिला समकालीन कागदाचा आधार मात्र नाही.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुळाच्या एका उपशाखेत झाला. राजपद त्यांच्या नशिबी असण्याचे काही कारण नव्हते. त्यावेळचे राजे तुळजाजी यांनी मोठी पडझड पाहिली होती. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर घेतले, तीन वर्षांनी ते परत मिळाले, पण राज्य कर्जात आणि कंपनीच्या उपकारात बुडाले. १७८१ मध्ये हैदर अलीच्या स्वारीने कावेरीचे सुपीक खोरे उजाड केले. त्यातच तुळजाजींची स्वतःची मुले एकामागोमाग एक गेली. अखेर जानेवारी १७८७ मध्ये, मृत्यू समोर दिसत असताना, त्यांनी नऊ वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले आणि त्यांचा हात एका जर्मन पाद्र्याच्या हाती दिला.

ख्रिश्चन फ्रीडरिक श्वार्ट्झ हे ते पाद्री. १७२६ मध्ये प्रशियात जन्मलेले श्वार्ट्झ १७५० मध्ये डेन्मार्कच्या ताब्यातील तरंगमबाडी बंदरात उतरले आणि नंतर कधीही मायदेशी परतले नाहीत. तमिळ, फारसी, हिंदुस्थानी यांबरोबर तंजावरच्या दरबारासाठी त्यांनी मराठीही शिकून घेतली होती. धर्मप्रसार हे त्यांचे जीवितकार्य असले तरी हैदर अलीपासून कंपनीच्या गव्हर्नरांपर्यंत सर्वांचा त्यांच्या शब्दावर विश्वास होता. मरणोन्मुख हिंदू राजाने आपल्या वारसाचा सांभाळ त्यांच्यावर सोपवावा, यातच त्या काळातील तंजावरची अगतिकता आणि श्वार्ट्झ यांचा लौकिक दोन्ही दिसतात.

तुळजाजींच्या निधनानंतर त्यांचे सावत्र बंधू अमरसिंग यांनी दत्तकालाच हरकत घेतली. मुलगा आईबापांचा एकुलता एक आहे, त्याचे वयही उलटून गेले आहे, असे आक्षेप पुढे आले. शास्त्र्यांचा कौल अमरसिंगांच्या बाजूने पडला आणि कंपनीने त्यांना गादीवर बसवले. पुढची काही वर्षे बाल सरफोजींनी वाड्यात जवळजवळ कैदेत काढली. शिक्षण बंद, भेटीगाठी बंद. श्वार्ट्झ यांच्या तक्रारीनंतर १७९३ मध्ये कंपनीने सरफोजींना आणि तुळजाजींच्या राण्यांना मद्रासला हलवले. पंधरा-सोळा वर्षांच्या या मुलाच्या आयुष्यातील तो खरा वळणबिंदू ठरला. मद्रासमध्ये श्वार्ट्झ यांचे सहकारी पाद्री गेरिके यांच्या देखरेखीखाली ते इंग्रजी शिकले, पाश्चात्त्य गणित आणि भूगोल शिकले आणि पुस्तके गोळा करण्याची चटक त्यांना तेथेच लागली.

दरम्यान दत्तकाचा प्रश्न पुन्हा उकरून काढण्यात आला. या वेळी काशी आणि बंगालच्या पंडितांची मते मागवण्यात आली व दत्तक वैध ठरला. पहिल्या वेळी अवैध ठरलेले दत्तविधान दुसऱ्या वेळी वैध कसे झाले, याचे उत्तर धर्मशास्त्राइतकेच कंपनीच्या हिशेबाच्या वहीत शोधावे लागते. अमरसिंगांच्या कारभारात वसुली थकली होती आणि कंपनीला आपले म्हणणे ऐकणारा राजा हवा होता. श्वार्ट्झ यांचा हेतू निर्मळ होता याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या सचोटीचा लाभ कंपनीने पुरेपूर उठवला, हेही तितकेच खरे. फेब्रुवारी १७९८ मध्ये श्वार्ट्झ तंजावरलाच निवर्तले. अंत्यसंस्काराला सरफोजी उपस्थित होते. त्याच वर्षी जून अखेरीस अमरसिंगांना बाजूला सारून त्यांना गादीवर बसवण्यात आले.

राज्य मिळाले ते सव्वा वर्षापुरतेच. २५ ऑक्टोबर १७९९ रोजी झालेल्या तहाने तंजावरचा सारा मुलकी, न्यायालयीन आणि लष्करी कारभार कंपनीने घेतला. राजांच्या वाट्याला तंजावरचा किल्ला व लगतचा थोडा भाग, वर्षाला एक लाख पागोडे आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढे उरले. श्रीरंगपट्टणला टिपू सुलतान पडून जेमतेम सहा महिने झाले होते. प्रतिकाराचा प्रश्नच उद्भवत नव्हता. सव्वाशे वर्षांच्या राज्याचा वारस आता उत्तम पेन्शनचा धनी झाला होता.

अशा अवस्थेतील संस्थानिकांनी काय केले, याचे दाखले इतिहासात विपुल आहेत. शिकार, मैफली, कर्ज आणि दरबारी भांडणे यांत कित्येक गाद्या झिजून गेल्या. सरफोजींनाही मैफली आवडत, घोडे आवडत, शिकारही आवडे. पण हाती तलवार उरली नसताना तंजावरचे भोसले म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न त्यांनी गांभीर्याने घेतला असावा, असे त्यांच्या पुढील ३० वर्षांच्या उद्योगावरून दिसते.

१८०३ चा शिलालेख हे त्या प्रश्नाचे पहिले उत्तर. चिटणीस बाबुराय यांनी तयार केलेले भोसले वंशाचे चरित्र देवनागरी लिपीत मंदिराच्या प्राकाराच्या नैर्ऋत्येकडील भिंतींवर कोरण्यात आले. पुराणकाळापासून सुरू होणारी वंशावळ मालोजी, शहाजी, शिवाजी महाराज, एकोजी यांच्यावरून थेट सरफोजींपर्यंत येऊन पोहोचते. जगातील मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. आरंभीचा भाग इतिहास म्हणून वाचण्यासारखा नाही आणि अलीकडच्या घटनांतही घराण्याची बाजू सावरून घेतलेली आहे. तरीही त्याची जागा फार विचारपूर्वक निवडलेली आहे. याच मंदिराच्या दगडांवर आठशे वर्षांपूर्वी राजराज चोळाने आपली दाने आणि विजय तमिळमध्ये नोंदवले होते. मुलूख कंपनीकडे गेला, तरी मंदिराचे यजमानपद भोसल्यांकडे होते. त्या यजमानपदाच्या अधिकाराने सरफोजींनी आपले कुळ चोळांच्या शेजारी नेऊन बसवले. वाचणार कोण, हा प्रश्न तेव्हाही होताच. कावेरीकाठच्या बहुसंख्य भाविकांना ती लिपी येत नव्हती आणि ज्यांना मराठी येत होती त्यांतील बरेच जण मोडी वाचणारे होते. महाराष्ट्रात तर हा लेख फारच उशिरा माहीत झाला.

पण सरफोजी केवळ भूतकाळात रमणारे नव्हते. नायकांच्या काळापासून वाड्यात असलेल्या पोथ्यांच्या भांडाराला त्यांनी जगातील एक नामांकित ग्रंथालय बनवले. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन अशा भाषांतील हजारो ग्रंथ त्यांनी युरोपातून मागवले. विकत घेतलेल्या पुस्तकावर इंग्रजीत स्वाक्षरी करण्याची त्यांची सवय होती. ती पुस्तके आजही सरस्वती महाल ग्रंथालयात पाहायला मिळतात. काव्य, नाटक, शरीरशास्त्र, रसायन, वनस्पती, जहाजबांधणी असा कोणताही विषय त्यांना वर्ज्य नव्हता. बिशप रेजिनाल्ड हेबर १८२६ मध्ये तंजावरला आले, तेव्हा हा राजा लावोआझिए, लिनियस आणि ब्युफॉ यांच्या कार्याविषयी सराईतपणे बोलतो, शेक्सपिअरची चर्चा करतो, शिवाय पट्टीचा घोडेस्वार आणि नेमबाजही आहे, हे पाहून ते चकित झाले होते.

१८०५ च्या सुमारास सरफोजींनी वाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना सुरू केला. नवविद्याकलानिधी या नावाने तो ओळखला जाई. इसापच्या नीतिकथांचे सख्खण पंडितांनी केलेले मराठी भाषांतर, बालबोध मुक्तावली, या छापखान्यातून १८०६ मध्ये बाहेर पडले. मुंबईत पंचोपाख्यान छापले गेले ते १८२२ मध्ये. बंगालमध्ये श्रीरामपूरच्या पाद्र्यांचे मराठी मुद्रण नुकते सुरू झाले होते, परंतु त्यामागे धर्मप्रसार हा हेतू होता. मराठी मुलांनी मराठीत गोष्टी वाचाव्यात म्हणून एका मराठी माणसाने काढलेले छापील पुस्तक प्रथम निघाले ते पुण्यात नव्हे, मुंबईतही नव्हे, तर तमिळ मुलखात. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. पुण्यात मुलाने मराठी शिकावे याची चिंता कोणाला करावी लागत नव्हती. तंजावरात ती करावी लागत होती.

त्यांच्या शाळांतही हीच दृष्टी दिसते. नवविद्याशाळेत मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत, फारसी आणि इंग्रजी यांचे शिक्षण दिले जाई. रामेश्वरच्या यात्रामार्गावर तंजावरच्या राजांनी बांधलेली अन्नछत्रे ही तर या राज्याची शान होती. कारभार कंपनीकडे गेल्यावर छत्रांच्या जमिनींवर गदा येईल, अशी भीती निर्माण झाली, तेव्हा १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंट टोरिन यांना सविस्तर पत्र लिहून त्यांचे महत्त्व पटवून दिले. छत्रांत जातीपातीचा विचार न करता वाटसरूंना अन्न मिळते, आजाऱ्यांना वैद्य मिळतो, बाळंतिणीची व्यवस्था होते आणि मुलांना शिक्षण मिळते, असा त्या पत्राचा आशय होता. राज्य वाचवण्यासाठी त्यांनी एवढी लेखणी झिजवल्याचे दिसत नाही. ओरत्तनाडू येथे त्यांनी आपली प्रिय सखी मुक्तांबा हिच्या नावाने बांधलेले छत्र आजही उभे आहे.

धन्वंतरी महाल हा त्यांचा आणखी एक ध्यास. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींचे वैद्य तेथे एकत्र काम करीत. परिणामकारक ठरलेल्या औषधांच्या कृती तमिळ पद्यांत बांधून ठेवल्या गेल्या, कारण त्या ज्यांच्या उपयोगी पडायच्या ते लोक तमिळ होते. नेत्ररोगांवर राजांचे विशेष लक्ष होते. रुग्णाची हकीकत, डोळ्यांचे रंगीत चित्र, केलेला उपचार आणि त्यानंतरची स्थिती यांची नोंद असलेली कागदपत्रे ग्रंथालयात जपलेली आहेत. मॅकबीन नावाचे इंग्रज डॉक्टर या कामात होते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया राजे स्वतः करीत, असेही सांगितले जाते. ते खरे मानले नाही, तरी दोनशे वर्षांपूर्वी एका भारतीय राजवाड्यात रुग्णांची अशी शिस्तशीर नोंद ठेवली जात होती, ही बाब लहान नाही.

सरफोजींच्या स्वभावाचा खरा ठाव त्यांच्या देवेंद्र कुरवंजी या रचनेत लागतो. कुरवंजी हा अस्सल तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. त्यात डोंगरात राहणारी कुरत्ती येते, नायिकेचा हात पाहून भविष्य सांगते आणि ओघाने आपल्या मुलखाचे वर्णन करते. सरफोजींनी हा साचा उचलला, भाषा मराठी घेतली आणि कुरत्तीच्या तोंडी चक्क जगाचा भूगोल घातला. खंड, समुद्र, देश, शहरे यांची माहिती ती गाण्यांतून देते. साचा तमिळ, बोल मराठी, ज्ञान युरोपचे. आजच्या अभ्यासकांना यात मोठे सिद्धान्त सापडतात. त्या काळच्या प्रेक्षकांना बहुधा नाचगाण्यासह झालेला उत्तम धडा एवढेच वाटले असेल. दुसरीकडे, सरफोजींच्या गौरवार्थ कोट्टैयूर शिवकोळुंदु देशिकर यांनी तमिळमध्ये शरभेंद्र भूपाल कुरवंजी रचली. मराठी राजा तमिळ कुरवंजीचा नायक होऊन बृहदीश्वराच्या उत्सवात नाचला गेला.

संगीत आणि नृत्याचे तर हे सुवर्णयुगच. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री ही कर्नाटक संगीताची त्रिमूर्ती याच काळात, याच कावेरीकाठी वावरत होती. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चौघा बंधूंनी भरतनाट्यमच्या कचेरीला अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम दिला, तो तंजावरच्या आश्रयानेच घडला. नृत्यासाठी सरफोजींनी मराठीतही रचना केल्या. दरबारात इंग्रजी धर्तीचा बँडही होता. व्हायोलिन हे परदेशी वाद्य कर्नाटक मैफलीत रुळले, त्यातही दरबारातील मराठी अधिकारी वराहप्पय्या यांचे नाव घेतले जाते.

यात विसंगतीही होत्या आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. वंशावळ कोरवून घेणाऱ्या याच राजांनी १८१४-१५ मध्ये समुद्रकाठी मनोरा नावाचा आठ मजली बुरूज उभारला, तो नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाचे स्मारक म्हणून. शिवाजी महाराजांचे नाव ज्या भिंतीवर, त्याच राज्यात ही कृतज्ञता. मिंधेपणा म्हणावा तर तसे म्हणता येईल. पण ज्या कंपनीने राज्य घेतले, तिच्याच अधिकाऱ्यांमुळे आपण अंधाऱ्या खोलीतून बाहेर पडलो, हेही सरफोजी विसरू शकत नव्हते. श्वार्ट्झ यांच्यासाठी त्यांनी इंग्लंडचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. तंजावरच्या चर्चमधील त्या शिल्पात मृत्युशय्येवरील पाद्र्याचा हात राजांनी हातात धरला आहे. समाधीवरील इंग्रजी कविताही सरफोजींनीच रचल्याचे मानले जाते. श्वार्ट्झ यांच्यावर पित्याप्रमाणे प्रेम करूनही त्यांनी धर्म बदलला नाही. मिशनऱ्यांची तशी आशा होती आणि ती अखेरपर्यंत फोल ठरली.

किंबहुना १८२० मध्ये ते थेट काशीयात्रेला निघाले. सुमारे तीन हजारांचा लवाजमा बरोबर होता. दोन वर्षांच्या या प्रवासात गया, काशी, प्रयाग येथे स्नाने, श्राद्धे, दानधर्म तर झालेच, पण परतताना त्यांनी संस्कृत पोथ्यांची मोठी खरेदी केली आणि काशीच्या घाटांची चित्रे काढवून घेतली. या यात्रेवर मराठीत लावण्याही रचल्या गेल्या. लावणी म्हटली की डोळ्यांपुढे जे उभे राहते, त्याहून हे प्रकरण पुष्कळ निराळे होते.

तंजावरच्या मराठी समाजाकडे पाहताना एक परदेशी उदाहरण आठवल्यावाचून राहत नाही. सरफोजी काशीहून परतले त्याच दशकात इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉलचे खाणकामगार मेक्सिकोतील रियाल देल मोंतेच्या चांदीच्या खाणींवर दाखल झाले. पुढे ते दक्षिण ऑस्ट्रेलियातील मूंटाच्या तांब्याच्या खाणींवरही गेले. मेक्सिकोत त्यांची पेस्टी, म्हणजे सारण भरलेली भाजलेली करंजी, पास्ते या नावाने आणि तिखट मिरचीसह आज घरोघरी खाल्ली जाते. मूंटाच्या परिसरात वंशजांनी १९७३ पासून कॉर्निश उत्सव चालवला आहे. त्यांची मूळ भाषा मात्र स्थलांतरापूर्वीच लोपली होती. ओळख उरली ती खाण्यात, आडनावांत आणि प्रार्थनामंदिरांत. तंजावरात नेमके उलट घडले. ताटात चिंच, खोबरे आणि कढीपत्ता आला, वेशभूषा बदलली, आडनावे मागे पडून नावामागे राव लागला, पण उंबऱ्याच्या आत भाषा टिकली. तमिळ हेलाची, जुन्या शब्दांची ती मराठी पुण्या-मुंबईच्या माणसाला प्रथम ऐकताना परकी वाटते. आपल्याकडून कधीच्या हद्दपार झालेल्या शब्दांची तेथे रोजच्या बोलण्यात ये-जा असते. शरभेंद्र पाकशास्त्र ही सरफोजींच्या काळातील स्वयंपाकाची पोथी या मिश्र संसाराचा चांगला साक्षीदार आहे.

ही भाषा टिकण्यात एकट्या राजाचा वाटा नव्हता. कीर्तन, मठ, लग्नसंबंध आणि सरकारी नोकऱ्या यांनी तिला धरून ठेवले. तरी दरबारात मोडीत लिहिणारे कारकून होते तोवर मराठी ही केवळ घरातली बोली नव्हती. तिच्यावर पगार मिळत होता. हा आधार सरफोजींच्या पश्चात फार काळ राहिला नाही.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजींचे निधन झाले. त्यांच्या अंत्ययात्रेला लोटलेला जनसमुदाय पाहून परदेशी पाहुणेही स्तिमित झाले होते. वय ५४ वर्षांचे. पुत्र शिवाजीराजे गादीवर आले, पण त्यांना पुत्र नव्हता. १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर डलहौसीच्या धोरणाने खालसा झाले. त्याच वेळी अल्लीपूरचा मुलूखही भोसल्यांकडून कंपनीकडे गेला. १८५५ मध्ये शिवाजीराजे वारले आणि तंजावरची पाळी आली. दत्तकाने सुरू झालेली कथा दत्तकाच्या नकाराने संपली. वाड्यातील खासगी मालमत्तेवरही कंपनीने जप्ती आणली, तेव्हा राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. राज्य खालसा करणे हे सार्वभौम सत्तेचे कृत्य असून त्यावर न्यायालयाला विचार करता येत नाही, असा निकाल १८५९ मध्ये लागला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवला जातो. तो सरफोजींच्या सुनेचा होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

राज्य गेले, वारस पांगले. पोथ्या मात्र वाड्यातच राहिल्या. बर्नेल या इंग्रज न्यायाधीशाने तेथील संस्कृत हस्तलिखितांची सूची तयार केली, ती १८८० मध्ये प्रसिद्ध झाली आणि युरोपातील विद्वानांना तंजावरचे नाव माहीत झाले. १९१८ मध्ये राजघराण्यातील ग्रंथसंग्रह सार्वजनिक झाला. आज तेथे मराठी हस्तलिखितेच तीन हजारांच्या घरात आहेत. संस्कृत आणि तमिळ पोथ्यांवर काम करणारे अभ्यासक सतत येत असतात. दरबारी हिशेब, पत्रव्यवहार, छत्रांचे जमाखर्च, वैद्यांच्या नेमणुका असे सारे काही ज्यांत आहे, ती मोडी कागदांची गाठोडी मात्र वाचणाऱ्यांची वाट पाहतात. त्यांतील काही भागाचे तमिळ भाषांतर तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने केले आहे. सरफोजींच्या दप्तरातील पुष्कळसा मजकूर त्यामुळे मराठीच्या आधी तमिळ वाचकाला उपलब्ध झाला.